खाडी कुठल्या अंगाला?

रोह्याच्या कर्णिकांच्या ड्रॉइंग ऑफिसात सहा कॉम्प्युटर होते आणि त्यांवर काम करायच्या पद्धती दोन होत्या. एक बाळकाकांची, दुसरी प्रतिक्षाची. उरलेले चौघे ज्या दिवशी ज्याच्या डब्यात काही चांगलं असेल त्या दिवशी त्याची बाजू घेत.

बाळकाका वैद्य एकसष्ट वर्षांचे. लाकडी बोर्ड आणि टी-स्क्वेअरवर त्यांचा हात तयार झाला होता आणि कॉम्प्युटरवर येतानाही तो हात त्यांनी बदलला नव्हता. प्रत्येक आज्ञा ते टाइप करत. रेघेला एल, कापायला टीआर, नक्कल करायला सीओ. एक हात माउसवर, दुसरा कीबोर्डवर, नजर पडद्यावर. त्यांच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती. त्यांच्या जागेवर दुसरं कोणी बसलं की त्याला काही सापडत नसे. "ज्याला सापडत नाही त्यानं बसू नये," एवढंच काका म्हणत.

प्रतिक्षा म्हात्रे सत्तावीस वर्षांची, पेणजवळच्या तामसखारची. तिला एकच काम दोनदा करायचा मनापासून कंटाळा होता आणि या कंटाळ्यापायी ती वाटेल तेवढे कष्ट करायची. तीन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत बसून तिनं आपल्या पडद्याच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी तयार केली होती. तिच्यावर नखाएवढी चित्रं होती: मातीचा बांध, त्याच्या उतारावरचं दगडी अस्तर म्हणजे पिचिंग, पाइप, उघाडी. चित्रावर क्लिक केलं की ती वस्तू योग्य रंगात, योग्य जाडीच्या रेघांनी, योग्य मापात नकाशावर येऊन बसे. चित्रंही तिनं स्वतःच काढली होती, एकेक ठिपका भरून.

काकांनी पट्टीचं नाव ठेवलं भातुकली. "काय प्रतिक्षाबाई, मांडली का भातुकली?" हा त्यांचा रोजचा सुप्रभात.

"मांडली की. तुम्हाला देऊ का बोळक्यातला चहा?" हे तिचं रोजचं उत्तर.

भातुकलीतलं तिचं सगळ्यात लाडकं चित्र उघाडीचं होतं. खारजमिनीच्या बांधात जे दार बसवतात त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातलं पाणी ते दार ढकलून खाडीत जातं; भरती आली की खाडीचं पाणीच त्याला दाबून बंद करतं. ना मोटर, ना माणूस. अट एकच, झडप खाडीच्या बाजूला हवी.

प्रत्येक चित्रामागे एक छोटी ओळ लिहिलेली असते. तिला मॅक्रो म्हणतात. आधी चालू असलेलं काम रद्द करायची खूण, मग आज्ञेचं नाव. अर्धविराम आला की एंटर, आणि उलटी तिरकी रेघ आली की थांबायचं, माणसाला विचारायचं, तो सांगेल ते घेऊन पुढे जायचं. उघाडीच्या ओळीत अशा दोन तिरक्या रेघा होत्या. पहिली विचारायची, दार कुठे बसवू. दुसरी विचारायची, तोंड कुठे करू.

जानेवारीत काकांनी पैज लावली. सरळ बांधावर दहा उघाड्या. जो हरेल त्यानं सगळ्यांना खायला घालायचं. चौघे घड्याळ घेऊन उभे राहिले. काकांनी एक उघाडी काढली, तिच्या नकला पटापट टाकल्या आणि तीन सेकंदांनी जिंकले. प्रतिक्षानं दुसऱ्या दिवशी पेणहून पोह्याचे पापड आणले. काका कडाकड पापड मोडत म्हणाले, "भातुकलीतले पापड असे कुरकुरीत नसतात हो."

तिला हे लागलं. तिनं हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की वेळ जातोय तो दुसऱ्या तिरक्या रेघेपाशी. दर उघाडीला मशीन थांबतं, तोंड कुठे म्हणून विचारतं आणि दर वेळी तिला शून्य टाकून एंटर मारावं लागतं. शून्य म्हणजे तोंड डावीकडे, आणि दर वेळी शून्यच. नकाशात उत्तर वर असते, आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे खाडी डाव्या हाताला. ऑफिसातले जुने सगळे नकाशे तिनं उघडून पाहिले. एकातही खाडी उजवीकडे नव्हती. मग विचारायचं कशाला? तिनं तिरकी रेघ पुसली आणि तिथे कायमचं शून्य लिहून टाकलं. दुसऱ्या पैजेत ती वीस सेकंदांनी जिंकली. काकांनी सहा जणांचे वडापाव आणले आणि त्या दिवशी भातुकली हा शब्द संध्याकाळपर्यंत कोणी उच्चारला नाही.

हे सगळं ऑफिसच्या मालकीणबाईंच्या, हेमांगीताई कर्णिकांच्या कानावर होतं. ताई स्वतः इंजिनिअर, बोलणं मोजकं. त्यांनी प्रतिक्षाला बोलावलं. "तुझी पट्टी सगळ्या मशीनवर टाकायची म्हणतेस. टाकू. पण आधी एक पूर्ण काम तिच्यावर कर. तुमच्या तामसखारच्या बाहेरकाठ्याचं, खाडीलगतच्या बांधाचं काम आलंय, नऊ उघाड्या नव्या बसवायच्यात. सोमवारी चारला गावात बैठक आहे. गावातून एकही दुरुस्ती निघाली नाही, तर पट्टी सहाही मशीनवर. निघाली, तर तुझ्याही मशीनवरून काढायची. दोन पद्धतींनी काम करणारं ऑफिस मला नको."

तीन महिन्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या त्या एका बैठकीला टांगल्या गेल्या. प्रतिक्षानं काम शनिवारी दुपारी संपवलं. काकांनी पडद्यावरच नकाशे तपासून 'तपासले' या चौकटीत आपली दोन अक्षरं टाइप केली. चांगल्या प्रती छापून, गुंडाळून, दोरी बांधून कपाटावर ठेवल्या. शाई फिकी आली म्हणून बाजूला टाकलेली एक प्रत प्रतिक्षा घरी घेऊन गेली, कारण तिच्या आईची तशी कायमची मागणी होती.

आईला, पुतळीबाईला, हे मोठे कागद फार पसंत होते. जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घालायला त्यांच्यासारखं काही नाही, असं तिचं मत. वर्तमानपत्राची शाई जवळ्याला लागते, प्लास्टिकवर घाम धरतो. या कागदाचं तसं काही नाही. रविवारी सकाळी तिनं अंगणात कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि जवळा पसरायला बसली. वडील नागोठण्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले होते. प्रतिक्षा ओट्यावर चहा पीत होती.

"ए गो," पुतळीबाई खालूनच म्हणाली, "ही उघाडी कोनी काढली?"

"मी. का गो आये?"

"न् हे काय, नागमोडी?"

"ती खाडी."

पुतळीबाईनं बोटानं थोडा जवळा बाजूला सारला. "न् हा बाण?"

"पानी भायेर जातं ना, त्याचा."

"कुठं भायेर जातं? हा तर खाडीतशी भातात चाललाय. दार आतल्या अंगाला हाय याचं."

"आये, तो नकाशा हाय. नकाशात तसंच दिसतं."

"नकाशात काय पानी येगळं असतं?" पुतळीबाईनं अजून जवळा सारला. "हे बघ, हिचंबी तसंच. न् हिचंबी. मिठागरात आमी अशी दारं लावायचो. तिथं खाडीचं पानी आत घ्यायचं असतं. सगल्या गावाचं मिठागर करतेस काय गो?"

प्रतिक्षा कप तसाच ठेवून खाली आली. जवळ्यातून डोकं काढून नऊ उघाड्या तिच्याकडे बघत होत्या. नागमोडी रेघा उजवीकडे होत्या, झडपा डावीकडे.

तामसखारला खाडी पूर्वेकडून वळसा घालून येते. हे तिला कोणी सांगायला नको होतं. जन्मल्यापासून ती खाडीतून सूर्य उगवताना पाहत आली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींना, पुढे ऑफिसातही, ती सांगायची, की तुमच्याकडे समुद्रात मावळतो, आमच्याकडे पाण्यातून उगवतो. मोजणीवरून खाडी तिनं बरोबर उजवीकडे काढली होती. पण उघाड्या तिनं काढल्याच नव्हत्या. त्या भातुकलीनं काढल्या होत्या, आणि भातुकलीला कोणी विचारायला ठेवलंच नव्हतं.

"काय गो, रडतेस काय?"

"नाय. हसतेय."

"मंग जवला हलव जरा हसत हसत. खालचा ओला राहातो."

सोमवारी पहिली गाडी धरून ती रोह्याला निघाली. पेण ते रोहा या वेळात तिनं सगळं मांडून पाहिलं. हेमांगीताई दहाला येतात. नऊ उघाड्या फिरवायला पाच मिनिटं, नवीन छपाईला तास. जुन्या प्रतींवर जी दोन अक्षरं होती ती नव्या प्रतींवर आपोआप येतील. गुंडाळी तीच, दोरी तीच. कोणाला कळायचं कारण नाही. हिशेबात कुठे चूक नव्हती, आणि तरी तिला तो पटत नव्हता.

ऑफिसात बाळकाका आधीच येऊन बसले होते. सकाळी लवकर येऊन सहाही पडदे पुसून ठेवायची त्यांची सवय होती.

"आज सूर्य रोह्याला पण खाडीतून उगवला वाटतं," काका म्हणाले. "एवढ्या लवकर?"

तिनं गुंडाळी सोडली आणि पहिला नकाशा त्यांच्या टेबलावर पसरला. "काका, उघाड्या बघा."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बराच वेळ बघितलं. मग कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे नजर गेली आणि 'तपासले' या चौकटीवर येऊन थांबली.

"हे तपासलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"हं." काकांनी चष्मा काढून पुसला. "मला ही खाडी डावीकडेच दिसली होती."

"ती उजवीकडे आहे काका."

"ते आता दिसतंय गं. चाळीस वर्षं डावीकडे बघायची सवय, तिकडे नव्हती तरी बघून घेतली." ते हसले, पण कान लाल झाले होते. "बस. नऊ तर आहेत. मी आत्ता हातानं उलटवतो, तू प्लॉटर चालू कर. हेमांगी येईस्तोवर दोरी बांधून तयार. कुणाला सांगायचं कारण नाही."

तिच्या मनातला हिशेब काकांच्या तोंडून तिला परत ऐकू आला. ऐकायला तो आणखी वाईट वाटला.

"आणि पट्टी?" ती म्हणाली. "गावात दुरुस्ती निघाली नाही म्हणून ती उद्या सहा मशीनवर जाईल. पुढचं काम दुसरं कोणी करेल, खाडी पुन्हा उजवीकडे असेल. त्या चौघांच्या घरी कुठे जवळा वाळत घालतात?"

"जवळ्याचा काय संबंध?"

मग तिनं त्यांना रविवारची सगळी गोष्ट सांगितली. पैजेसाठी पुसलेल्या तिरक्या रेघेसकट. काका ऐकता ऐकता दोनदा खुर्चीत मागे रेलून हसले. "सगळ्या गावाचं मिठागर!" त्यांनी डोळे पुसले. "मला तुझ्या आईला भेटायचंय."

हेमांगीताई दहाला आल्या तेव्हा दोघंही उभे होते. प्रतिक्षानं सांगितलं. सरळ, क्रमानं, काही न गाळता.

ताईंनी पर्स टेबलावर ठेवली. "किती उघाड्या?"

"नऊच्या नऊ."

"काका, तुमची सही आहे यावर."

"आहे," काका म्हणाले. "ती माझीच. हातानंच टाइप केली होती, भातुकलीनं नाही."

ताईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "नीट करून दुपारी दोनला छापून द्या. अटीचं काय ते बैठक झाल्यावर. मला आधी काम बघायचंय."

प्रतिक्षा जागेवर बसली. उघाडीच्या चित्रावर उजवं क्लिक करून तिनं मागची ओळ उघडली. शून्य पुसलं. तिरकी रेघ परत घालायला बोट गेलं आणि तिथेच थांबलं. नुसती रेघ घातली तर मशीन पुन्हा इंग्रजीत कोन विचारणार, आणि माणूस पुन्हा सवयीनं शून्य टाकून एंटर मारणार. तिनंही तेच केलं होतं. मग तिनं तिथे एक लहानसा हिशेब लिहिला. मशीननं कोन विचारायचाच नाही. खाडी कुठे आहे ते विचारायचं, तिथे बोट ठेवायला लावायचं आणि झडपेचं तोंड आपलं आपण तिकडे फिरवायचं. प्रश्नही तिनं मराठीत लिहिला, घरच्या बोलीतला.

जुन्या नऊ उघाड्या पुसून तिनं पहिली नवी ठेवली. पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटली: 'खाडी कुठल्या अंगाला?' तिनं नागमोडी रेघांवर क्लिक केलं. झडप वळून खाडीकडे तोंड करून बसली. काका मागे उभे राहून बघत होते. नववी उघाडी बसली. मग "वेळ किती लागला?" म्हणाले.

"मोजला नाही."

"बरं केलंस." आणि त्यांनी खुर्ची ओढून एकेक उघाडी तपासायला घेतली. या वेळी प्रत्येक झडपेवर बोट ठेवून, आणि दर वेळी दुसरं बोट खाडीवर.

बैठक बांधावरच, चिंचेच्या सावलीत होती. प्रतिक्षानं आणि काकांनी सतरंजीवर नकाशा पसरला. गावचे जाणते गुणाजी पाटील समोर आले, त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा खाडीकडे पाहिलं आणि कागद उचलून असा फिरवला की कागदावरची खाडी खऱ्या खाडीसमोर आली. बाकीचे आपोआप सरकून त्याप्रमाणे बसले. हेमांगीताईंच्या वाट्याला नकाशा उलटा आला. त्यांनी तो तसाच वाचला.

"दारं कशी हायेत ते बगा आधी," गुणाजी म्हणाले. एकेका उघाडीवर काठीचं टोक ठेवत ते बांधभर चालल्यासारखे कागदावर चालले. तिसरीपाशी थांबले.

"ही इथं लय उथल हाय," ते बाजूच्याला म्हणाले, "पन ते खनल्यावर बगू. नकाशाचं काय त्यात." काठी पुढे गेली. नवव्या उघाडीवर त्यांनी ती दोनदा टेकवली. "बराबर. कायपन बदलायचं नाय."

मागे बायकांमध्ये बसलेली पुतळीबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हेमांगीताईंनी ते पाहिलं. बैठक उठल्यावर त्या सरळ तिच्याकडे गेल्या.

"तुम्ही प्रतिक्षाच्या आई ना? चूक तुम्हाला दिसली म्हणे."

"मना कसली दिसते बाय? जवल्याला दिसली."

"तुम्ही याच गावच्या?"

"इथलीच. माह्यारपन इथलंच."

ताई प्रतिक्षाकडे वळल्या. "म्हणजे दुरुस्ती गावातूनच निघाली. बैठकीच्या एक दिवस आधी, एवढंच. अट काय होती?"

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. पण अट अट होती, आणि ताईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "पट्टी काढायची," ती म्हणाली. "उद्या काढते."

"थांबा जरा." बाळकाका पुढे आले. चिखलात रुतलेली चप्पल त्यांनी आधी नीट केली. "हेमांगी, दोन पद्धती नकोत हे तुझं म्हणणं?"

"हो."

"मग एकच ठेव. ती उघाडी माझ्या मशीनवर टाक म्हणावं हिला. आणि बांध. पिचिंग पण टाकलंस तरी चालेल."

ताई त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही भातुकली खेळणार?"

"ती न विचारता करत होती तोवर भातुकली होती," काका म्हणाले. "आता विचारते. मी चाळीस वर्षांत खाडी कुठे आहे म्हणून कुणाला विचारलं नाही, बघ काय झालं ते. माझ्या मशीनवर टाक आणि आणखी एक कर. माझी सही व्हायच्या आधी या पट्टीनं मलाही विचारायला हवं."

"ते करता येईल," प्रतिक्षा घाईनं म्हणाली, "छपाईच्या चित्रामागे एक ओळ…"

"उद्या," ताई म्हणाल्या. "सहाही मशीनवर. आणि जी चित्रं न विचारता काही ठरवतात, त्या सगळ्यांची यादी मला आधी दाखवायची."

"चार आहेत," प्रतिक्षा म्हणाली. तिनं ती सकाळीच गाडीत मोजली होती.

निघताना पुतळीबाईनं काकांच्या हातात वाळल्या जवळ्याचा पुडा दिला. काकांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले, मग उघडून कागद पाहिला. पुड्यावर एक उघाडी दिसत होती, झडप डावीकडे, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांची दोन अक्षरं.

"हा पुडा मी घरी नेतो," ते म्हणाले, "पण कागद परत हवाय मला. काचेखाली ठेवायचाय."

"वास येल हो त्याला," पुतळीबाई म्हणाली.

"येऊ दे. म्हणजे खाडी कुठल्या अंगाला ते लक्षात राहील."